पोराच्या हाताला झेपतं का? सांगली-मिरजेत भाड्याने मिळणाऱ्या रुग्णसाहित्याची पारख

मिरजेत दवाखान्यांच्या आसपास रुग्णसाहित्य भाड्याने देणारी दुकानं आहेत, सांगलीतही आहेत. डिस्चार्जच्या दिवशी नातेवाईक डिपॉझिट भरतात, टेम्पोतून कॉट, एअर बेड, व्हीलचेअर घरी जाते, दुकानातला माणूस कॉट जोडून देतो आणि निघतो. पावतीवर सही करणारा मोठा माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर. कॉटशेजारी उरतं ते आठवी-नववीतलं पोर. वडील अर्धांगवायूने पडलेले, आई यंत्रमागावर किंवा ऊसतोडीला. नाहीतर बाप ट्रकवर आणि आई कॅन्सरची. अशी घरं जत-आटपाडीकडच्या खेड्यांत आहेत तशी सांगली शहराच्या विश्रामबागेतही आहेत.

या साहित्याची चर्चा नेहमी कंपनी, भाडं आणि पेशंटची सोय या अंगाने होते. इथे कसोटी वेगळी लावली आहे. तेरा वर्षांचं, चाळीस किलोच्या आसपासचं पोर घरात एकटं आहे आणि पेशंट साठ-पासष्ट किलोचा आहे. त्या पोराला ही वस्तू वापरता येते का? आणि वापरताना त्याची पाठ, झोप आणि शाळा शाबूत राहते का? मुलाने माणूस उचलायचा नाही, हे आम्ही आधीच धरून चाललो आहोत. कूस वळवणं, उशी लावणं, खुर्ची ढकलणं चालेल. उचलणं नाही, काखेत हात घालून ओढणं तर मुळीच नाही. जी वस्तू ते करायला लावते ती आमच्या लेखी नापास, मग पेशंटला ती कितीही आरामाची असो.

कॉटपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. दुकानदार विचारतो, “सेमी देऊ का फुल?” फाऊलर म्हणजे हँडलने वर-खाली होणारी कॉट. सेमी-फाऊलरला पायथ्याशी एकच हँडल असतं, त्याने फक्त पाठीकडची बाजू वर येते. फुल फाऊलरला दोन हँडल असतात, एक पाठीचं आणि एक गुडघ्यांचं. भाडं थोडं कमी म्हणून घरचे सेमी नेतात आणि त्याची किंमत पोर भरतं. पाय सपाट ठेवून नुसती पाठ वर केली की पेशंट हळूहळू पायथ्याकडे घसरतो. जेवण संपेपर्यंत हनुवटी छातीला टेकलेली असते. मग पोर डोक्याकडे उभं राहून काखेत हात घालतं आणि वर ओढतं, दिवसातून चार-पाच वेळा. पोराची कंबर धरते, पेशंटचा लुळा खांदा सांध्यातून उतरू शकतो, आणि माकडहाडावरची कातडी चादरीला घासून सोलवटते. बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांची, सुरुवात पुष्कळदा अशीच होते आणि दोष मात्र गादीवर जातो.

फुल फाऊलरवर हे टळतं, पण क्रम पाळला तरच. आधी गुडघ्यांचं हँडल फिरवून गुडघे थोडे उंच करायचे, मग पाठ. खाली घेताना उलट: आधी पाठ, मग गुडघे. कोणत्या हँडलने काय होतं यात पोरं गोंधळतात, म्हणून एकाला लाल आणि एकाला निळी टेप गुंडाळून ठेवावी. जेवताना पाठ निदान ४५ अंश वर हवी, गिळायला त्रास असेल तर अजून सरळ, आणि जेवणानंतर अर्धा तास तशीच. काम झालं की हँडल आत दुमडायचं. ते बाहेर राहिलं तर अंधारात नडगीवर बसतं, आणि पोराच्या नडगीच्या उंचीलाच ते असतं.

कॉट घरी आल्यावर दोन गोष्टी बघून घ्या. चाकांचे ब्रेक लावून कॉट जोरात ढकलून पाहा. गुळगुळीत फरशीवर झिजलेल्या ब्रेकची कॉट सरकते आणि कूस वळवताना ती सरकली तर पोराला आवरत नाही. दुसरी गोष्ट उंचीची. कॉटवर जाड गादी आणि वर एअर बेड टाकला की काठावर बसवलेल्या बुटक्या बाईचे पाय जमिनीला टेकत नाहीत. पाय अधांतरी असलेला माणूस पुढे सरकतो आणि समोर उभ्या पोराच्या अंगावर येतो. पायाखाली स्टूल देऊ नका, ते कलंडतं. खालची गादीच पातळ घ्या.

एअर बेड, म्हणजे बुडबुड्यांचा, पंपावर चालणारा. याला आमचे चांगले गुण आहेत, पण दुकानात सांगतात तेवढे नाहीत. “हा टाकला की कूस बदलायला नको” हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते चूक आहे. यात एकाआड एक कप्पे काही मिनिटांनी फुगतात आणि उतरतात, त्यामुळे एकाच जागी दाब राहत नाही. जोखीम कमी होते, संपत नाही. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा जो सर्वसाधारण नियम आहे तो एअर बेड असला तरी पुसला जात नाही. मात्र रात्री हे अंतर किती वाढवलं तर चालेल, हे डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांना किंवा नर्सला विचारून कागदावर लिहून घ्या. रात्री दर दोन तासांनी उठणारं पोर सकाळी वर्गात झोपतं, आणि शाळेत त्याचा अर्थ आळस असा लावला जातो. रात्रीची पाळी मोठ्या माणसाचीच हवी.

हा बेड नीट फुगला आहे का, हे पोराला शिकवता येतं. तळहात वर करून हात एअर बेडच्या खाली, पेशंटच्या कुल्ल्यांच्या जागी सरकवायचा. हाताला हाड जाणवलं तर हवा कमी आहे. मध्ये साधारण इंचभर हवेची गादी जाणवायला हवी. कमी असेल तर पंपावरचं बटण थोडं पुढे करायचं आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघायचं. बटण एकदम शेवटपर्यंत फिरवू नये, टणक फुगलेला बेड फरशीसारखाच टोचतो. वर एकच सुती चादर, सैल. गोधडी, रबरी शीट, चार घड्यांचं जुनं लुगडं असे थर चढवले की खालच्या कप्प्यांचा उपयोग उरत नाही. सेफ्टी पिन आणि उदबत्ती जवळ नको.

लाईट गेली की पंप बंद पडतो आणि त्याच्या वाटेने हवा निघू लागते. दोन्ही नळ्या पंपापासून काढून दुमडून रबराने घट्ट बांधल्या तर हवा काही वेळ टिकते, पण कप्प्यांची अदलाबदल थांबलेली असते, म्हणून तेवढा वेळ कूस बदलण्याकडे जास्त लक्ष हवं. पंपाला वीज अगदी थोडी लागते, घरात लहान इन्व्हर्टर असेल तर पंप त्यावर टाका. टीव्ही नंतर. दुकानातून निघण्याआधी पंप लावून बेड पूर्ण फुगलेला बघायचा. नळीला कॉटच्या पत्र्यात मुडप बसली की अर्धाच बेड फुगतो, आणि घरी कुणाला ते कळत नाही.

कूस वळवणं हे उचलणं नव्हे, आणि नीट दाखवलं तर तेरा वर्षांच्या मुलाला जमतं. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला उभं राहायचं. पेशंटचा पलीकडचा गुडघा दुमडायचा, पलीकडचा हात छातीवर आणायचा. एक हात त्याच्या पलीकडच्या खांद्यावर, दुसरा पलीकडच्या कुल्ल्यावर, आणि आपलं वजन मागे टाकत त्याला स्वतःकडे आणायचं. दुमडलेला गुडघा निम्मं काम करतो. मग पाठीमागे उशी, पूर्ण कुशीवर नाही, थोडंसं तिरकं. दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, आणि टाचा गादीला टेकणार नाहीत अशी पोटऱ्यांखाली एक. पेशंटखाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी चादर कायम पसरलेली ठेवा. त्याला वर सरकवायचं झालं तर दोघांनी दोन बाजूंनी ती चादर धरून सरकवायचं. दुसरा माणूस नसेल तर थांबायचं. “थांब, आई आल्यावर करू” हे पेशंटने स्वतः पोराला सांगावं. मोठ्या माणसाने सांगितलं की मुलाला अपराधी वाटत नाही.

या सगळ्या सामानात पोराच्या सर्वात उपयोगी पडणारी वस्तू बहुतेक रुग्णसाहित्याच्या दुकानात मिळत नाही. ती इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते: वायरलेस डोअरबेल. एक बटण आणि एक घंटी, किंमत काही शे रुपये. बटण पेशंटच्या चालत्या हाताच्या बाजूला कॉटच्या कठड्याला नाडीने बांधायचं, चिकटवायचं नाही. घंटी पोर जिथे अभ्यास करतं तिथे. याने काय होतं? एरवी पोर कॉटच्या पायथ्याशी बसून, एक कान सतत तिकडे ठेवून गणितं सोडवत असतं. पेशंटला हाक मारता येत नसेल, आवाज अस्पष्ट असेल, तर ते नजरही हलवत नाही. बेल बसली की त्याला दुसऱ्या खोलीत, अंगणात, दारासमोरच्या क्रिकेटमध्ये अर्धा तास जाता येतं. घेताना घंटी सेलवर चालणारी घ्या. प्लगमध्ये खोचायची असेल तर लाईट गेली की तीही गेली. बटणातला बारीक सेल घड्याळवाल्याकडे मिळतो, एक जादा आणून ठेवा. जाड दगडी भिंतींच्या जुन्या घरात पल्ला निम्म्यावर येतो, म्हणून खोलीतून खोलीत वाजवून बघूनच पैसे द्या. ज्याचा हात आवळलेला आहे त्याला बारीक बटण दाबत नाही, त्याला मोठ्या पृष्ठाचं, तळहाताने दाबता येईल असं बटण शोधावं लागतं.

व्हीलचेअर. भाड्याची लोखंडी घडीची खुर्ची रिकामीच पंधरा-वीस किलोची असते. सपाट फरशीवर पोर ती सहज ढकलतं, अडतं उंबऱ्याला. रॅम्पचं माप सोपं आहे: एक इंच उंचीला बारा इंच लांबी. उंबरा आणि पायरी मिळून सहा इंच असतील तर रॅम्प सहा फुटांचा हवा. घरोघरी दिसते ती दोन फुटांची तिरकी फळी, आणि तिच्यावरून खुर्ची उतरवताना साठ किलोचा माणूस पोराच्या हातून सुटतो. उतारावरून नेहमी उलटं उतरायचं: पोर खाली, खुर्ची त्याच्याकडे पाठ करून, एकेक पाऊल मागे. लांब रॅम्पला जागा नसेल तर खुर्ची घरापुरतीच आहे असं स्पष्ट ठरवून टाका आणि बाहेर नेण्याचं काम मोठ्यांवर ठेवा.

कॉटवरून खुर्चीत बसवणं हे एकट्या मुलाचं काम नाही, पेशंट स्वतःच्या चालत्या पायावर भार देऊ शकत असेल तरच मुलाने मदतीला उभं राहावं. तेव्हाही खुर्ची चालत्या बाजूला, कॉटला थोडी तिरकी, दोन्ही ब्रेक लावलेले, पायाच्या पट्ट्या वर दुमडलेल्या. पट्ट्या खाली राहिल्या की पेशंट त्यावर पाय देतो आणि खुर्ची पुढे कलंडते. पेशंटच्या कमरेला रुंद कॅनव्हासचा पट्टा मिळतो, तो जरूर घ्या. धरायला कपडा किंवा दंड नको. दाराची मापं घेऊन दुकानात जा. खुर्ची बाहेरून साधारण २५-२६ इंच भरते, बाथरूमचं दार पुष्कळ घरांत दोन फुटांचं असतं. खुर्ची दारात अडकते आणि तिथून पुढचं चार पावलांचं अंतर पोराच्या खांद्यावर येतं.

म्हणूनच कमोड खुर्ची कॉटजवळ. चाकाची, ब्रेकची, हात बाजूला काढता येणारी घ्या. भांड्यात आधी तांब्याभर पाणी टाकून ठेवलं की धुणं सोपं जातं. इथे एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. भांडं रिकामं करणं मूल करू शकतं, पण वडिलांची स्वच्छता मुलीने आणि आईची मुलाने करायची वेळ येणं हे दोघांनाही फार जड जातं, आणि ते कोणी बोलत नाही. सकाळ-संध्याकाळ एका मोठ्या माणसाची, पैसे देऊन आणलेल्या मावशींची का होईना, वेळ त्यासाठी राखावी. भाड्याच्या वस्तूंत काटकसर करून ते पैसे इकडे लावले तर आम्ही त्याला शहाणपण म्हणू.

लघवीची पिशवी मूल रिकामी करू शकतं: पिशवी कायम कमरेच्या खाली, जमिनीला न टेकलेली, साधारण दोन-तृतीयांश भरली की रिकामी, आधी आणि नंतर साबणाने हात, आणि तोटी बंद केल्याची खात्री. नळी बदलणं नाही. नाकातल्या नळीतून जेवण देणं, जखमेचं ड्रेसिंग, इन्सुलिनचा डोस ठरवणं हेही नाही. गोळ्यांचा सात दिवसांचा डबा चांगला, पण तो रविवारी मोठ्यांनी भरायचा. मुलाने फक्त त्या वेळेचा कप्पा उघडायचा. ऑक्सिजनचं मशीन असेल तर देवापुढचा दिवा, उदबत्ती आणि गॅस त्या खोलीत नको, मशीनच्या बाटलीतलं पाणी रोज बदलून उकळून गार केलेलं भरायचं, मागची जाळी आठवड्याला धुवायची.

दुकानांच्या सेवेबद्दल आमची तक्रार एकच आहे आणि ती जवळपास सगळ्यांना लागू आहे. सामान दुपारी पोचतं, माहिती सही करणाऱ्याला मिळते, आणि वापरणारं पोर तेव्हा शाळेत असतं. म्हणून सांगायचं, “सामान पाचनंतर आणा, मुलगी घरी आल्यावर तिलाच दाखवा.” दाखवणं म्हणजे माणसाने करून दाखवणं नव्हे. मुलीने हँडल फिरवायचं, ब्रेक लावायचा, पंप सोडून पुन्हा जोडायचा, आणि दुकानातल्याने बघायचं. पंधरा मिनिटं लागतात. पंप रात्री बिघडला तर बदलून कधी मिळेल हे पावतीवर लिहून घ्या, नुसत्या शब्दावर राहू नका. डिपॉझिट परत मिळायला वस्तूची आधीची खरवड, फाटकी गादी यांचे फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवा.

कृष्णाकाठच्या गल्ल्यांत राहणाऱ्यांसाठी अजून एक. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. फाऊलर कॉट नटबोल्टची असते, उचलून माडीवर जात नाही. सुटी करायला पाना आणि दोन माणसं लागतात. पेशंट असलेल्या घराने इशारा पातळीलाच पेशंट हलवायचा, धोका पातळीची वाट बघायची नाही. कॉटबरोबर पाना मागून घ्या आणि तो कॉटच्याच पायाला बांधून ठेवा.

भाड्याचे पैसे कुठून आणायचे, याचं उत्तर काही अंशी सरकारी योजनांत आहे, आणि इथे पोराचा स्वतःचा हक्क आहे हे फार थोड्या घरांना माहीत असतं. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत, पालक गंभीर आजारी किंवा अपंगत्वामुळे सांभाळ करू न शकणारे असतील तर मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतल्या प्रायोजकत्वात (मूल घरीच राहावं म्हणून दिली जाणारी मदत) दरमहा ४,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ७२,००० आणि शहरी भागात ९६,०००. दोन्हींसाठी जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठायचं, सांगलीतही आहे आणि साताऱ्यातही. मुलाचं आणि पालकांचं आधार, शाळेचा बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, आजाराचा वैद्यकीय दाखला. मग गृहचौकशी आणि बाल कल्याण समितीचा आदेश.

अर्ज अडतो तो बहुतेकदा वैद्यकीय दाखल्यावर. दाखल्यात आजाराचं नाव असतं, पण “हे रुग्ण काम करण्यास व मुलांचा सांभाळ करण्यास असमर्थ आहेत” असं वाक्य नसतं. ते डॉक्टरांकडून मागून घ्या, नाहीतर मिरजेला पुन्हा एक फेरी, आणि जतच्या माणसाचा त्यात अख्खा दिवस जातो. दुसरी अडचण भीतीची. समितीचं नाव निघालं की “पोराला संस्थेत घालतील” म्हणून आजी कागद दडवून ठेवते. बालसंगोपन ही मूल घरातच, कुटुंबातच राहावं यासाठीची योजना आहे. गृहचौकशीला आलेल्यांना पोर काय काय करतं ते खरं सांगावं. पैसे ठरल्या तारखेला येतील असं मात्र धरून चालू नका, भाड्याचा पहिल्या तीन महिन्यांचा हिशेब त्यांच्याशिवाय करा.

पेशंटसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात वेगळा. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर आधी यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र), कारण पुढे सरकारी शिबिरात व्हीलचेअर कायमची मिळाली तर दरमहा भाडं वाचतं.

या योजनांत सेवा म्हणून जे नाही, तेही नोंदवायला हवं. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने घरच्या आजारी माणसाची सेवा करणाऱ्या मुलांना ‘त्यांची गरज काय’ हे तपासून घेण्याचा हक्क दिला. आपल्याकडे अशा मुलांना वेगळं नावसुद्धा नाही. बाल न्याय कायद्यातल्या ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल’ या व्याख्येत ज्यांचे पालक सांभाळायला असमर्थ आहेत ती मुलं येतात, पण कॉटशेजारी पोर किती तास बसतं हे मोजणारं कोणी नाही. तोवर हे मोजणं वर्गशिक्षकांवर आणि शेजाऱ्यांवर आहे. शाळेला एक चिठ्ठी द्या: घरी कोण आजारी आहे, मूल सकाळी काय करून येतं, किती वेळा दहा मिनिटं उशीर होऊ शकतो. त्याने हजेरीचा प्रश्न निम्मा सुटतो.

मुलाच्या मनावर ताण दिसू लागला, जेवण-झोप बिघडली, चिडचिड वाढली तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६, फोन फुकट, मराठीत बोलता येतं. मुलाला स्वतःला मदत हवी असेल तर मुलांची हेल्पलाइन १०९८. ॲम्ब्युलन्स १०८. हे तीन आकडे जाड पेनने पुठ्ठ्यावर लिहून कॉटच्या डोक्याकडे लावा, खाली घराचा पूर्ण पत्ता आणि जवळची खूण. घाबरलेल्या पोराला फोनवर स्वतःच्या गल्लीचं नाव आठवत नाही.